परक्या नगरात एकटा

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो, 'बरोबर कोण होते?' हा. तो काळजीपोटी विचारलेला असतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले म्हणजे बाकीची हकीकत निवांतपणे ऐकली जाते. प्रवासवर्णनाच्या टीकाकारानेही आरंभ याच प्रश्नाने करावा असे मला वाटते. सोबतीने पाहिलेले नगर आणि एकट्याने पाहिलेले नगर ही नकाशावर एकच असली तरी वाङ्मयात ती दोन निराळी नगरे होत. आणि हा भेद कशात आहे याचा विचार केल्यावाचून कोणते प्रवासवर्णन चांगले व कोणते सामान्य, हे ठरविणे कठीण आहे.

या विचाराला आज विशेष निमित्तही आहे. एकट्याने, आणि त्यातही एकटीने, दूरदेशी जाण्याची चाल मध्यमवर्गात आता रूढ होऊ लागली आहे. नागपूर-भंडाऱ्याकडील घरातली, पुण्यास किंवा बंगलोरास नोकरी करणारी मुलगी सुट्टी काढून एकटीच स्पेनला जाते, ग्रॅनाडा किंवा तोलेदो यांसारखे जुने शहर पाहते आणि परत आल्यावर त्यावर लेख लिहिते, ही गोष्ट नवलाची राहिलेली नाही. तिच्या पणजीला घरातल्या कोणा पुरुषाची सोबत मिळेपर्यंत माहेरचा रस्तासुद्धा धरता येत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे मोल कळते. परंतु केवळ लेख म्हणून पाहू गेल्यास या लिखाणाचा एक ठरीव साचा बनलेला दिसतो. अर्धा लेख इतिहास सांगण्यात जातो: मूर राजांनी अल्हंब्राचा राजवाडा कसा उभारला, १४९२ सालच्या जानेवारीत शेवटचा सुलतान बोअब्दिल याने नगर फर्दिनांद व इझाबेला यांच्या स्वाधीन कसे केले, इत्यादी. उरलेला अर्धा लेख लेखिकेच्या मनाचा असतो: निघताना वाटलेली धास्ती, पहिल्या रात्रीची हुरहूर, मागाहून आलेला धीर आणि अखेरीस स्वतःची पटलेली ओळख. हे दोन्ही भाग खरे असतात. मात्र एका बाजूस दगड व दुसऱ्या बाजूस 'मी' अशी वाटणी झाल्यामुळे, ज्या नगरात माणसे राहतात, भांडतात, बाजार करतात व परक्याकडे कुतूहलाने पाहतात, ते नगर मधल्यामध्ये हरवून जाते.

एकट्या प्रवासाचे वाङ्मयीन फळ आत्मचिंतन हेच होय, अशी समजूत या साच्याच्या मुळाशी आहे. ती मला मान्य नाही. आत्मचिंतन करावयास घरची माडी पुरते. त्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. एकट्या प्रवाशाजवळ सोबतीने जाणाऱ्याजवळ नसणारी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे परावलंबन. सोबत असली म्हणजे माणूस आपले घर बरोबर घेऊन हिंडतो. रस्ता चुकला तर सोबत्याशी वाद घालता येतो, जेवण बेचव लागले तर दोघांना मिळून नावे ठेवता येतात, आणि भीती वाटली तर ती वाटून घेता येते. एकट्याला मात्र विचारावे लागते. वाट विचारावी लागते, भाव विचारावा लागतो, रात्री कोठे टेकावे हे विचारावे लागते. तो विचारतो आणि नगर उत्तर देते. ते उत्तर कधी हसून येते, कधी फसवून, कधी दार लावून. एकट्याच्या प्रवासवर्णनाचे खरे द्रव्य हे उत्तर आहे. आणि लेखकाने ते किती प्रामाणिकपणे टिपले, यावरून त्याच्या पुस्तकाची परीक्षा व्हावी.

ही कसोटी प्रथम ग्रॅनाडावरच्या सर्वांत प्रसिद्ध पुस्तकालाच लावून पाहू. अमेरिकन ग्रंथकार वॉशिंग्टन आयर्विंग हा १८२६ साली माद्रिदला गेला तो कोलंबसासंबंधीच्या कागदपत्रांच्या कामासाठी. १८२९ च्या वसंत ऋतूत रशियन वकिलातीतील एका स्नेह्यासह तो सेव्हिलहून घोड्यावरून ग्रॅनाडास आला. स्नेही लवकरच पुढे निघून गेला. आयर्विंग मात्र किल्लेदाराच्या परवानगीने अल्हंब्राच्या ओस पडलेल्या राजवाड्यातच जुलैअखेरपर्यंत राहिला. या मुक्कामातून त्याचे 'अल्हंब्रा' हे पुस्तक १८३२ साली बाहेर पडले. याच लेखकाने याच नगरावर आणखी एक पुस्तक लिहिले आहे, ही गोष्ट टीकाकाराच्या मोठ्या उपयोगाची आहे. 'ग्रॅनाडाचा पाडाव' हे त्याचे पुस्तक १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते जुन्या बखरींच्या आधारे, एका कल्पित जोग्याच्या तोंडी घालून लिहिलेले आहे. लेखक एक, नगर एक, लेखणीही तीच. तरी बखरींवरून लिहिलेले पुस्तक आज अभ्यासकांपुरते उरले आहे आणि राजवाड्यात राहून लिहिलेले पुस्तक ग्रॅनाडास जाणारा सामान्य प्रवासी अजून हाती धरतो.

याचे कारण वर्णनाच्या सौंदर्यात शोधणे चुकीचे होईल. सुंदर वर्णन दोन्हीकडे आहे. कारण माणसांत आहे. अल्हंब्रामध्ये आयर्विंगला राजे भेटले नाहीत. त्याला भेटली ती पडक्या राजवाड्याची देखरेख करणारी वृद्ध दोन्या अंतोनिया, तिची भाची दोलोरेस, आणि मातेओ नावाचा फाटक्या तपकिरी झग्यातला एक गरीब माणूस, जो न बोलावता येऊन चिकटला आणि पाहता पाहता त्याचा वाटाड्या, नोकर व इतिहासकार होऊन बसला. मातेओचे घराणे पिढ्यान् पिढ्या किल्ल्यातच राहिलेले. त्याचा आजा शिंपी होता. तो जवळजवळ शंभर वर्षे जगला आणि त्या साऱ्या आयुष्यात किल्ल्याबाहेर दोनदाच काय तो गेला. त्याच्या दुकानात गावातल्या गप्पिष्टांची बैठक जमे, आणि तिथे ऐकलेल्या गाडलेल्या धनाच्या, मंतरलेल्या सैन्याच्या कथा नातवाच्या तोंडून आयर्विंगपर्यंत पोचल्या. म्हणजे ज्या पुस्तकाने अल्हंब्राला जगभर नाव मिळवून दिले, त्याचा निम्मा भांडवलदार एक शिंपी आहे. आयर्विंग सोबत्यासह राहता तर मातेओ हा एक त्रासदायक लोचट मनुष्य एवढेच त्याच्याविषयी लिहिले गेले असते.

आयर्विंगच्या एकटेपणाला अर्थात मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे हा पक्षपात होईल. किल्लेदाराची परवानगी त्याच्या खिशात होती, स्पॅनिश भाषा त्याला उत्तम येत होती, आणि पैशाची विवंचना नव्हती. त्याला विचारावे लागे ते हौसेने, गरजेने क्वचितच. म्हणून मातेओच्या अंगावरच्या चिंध्या त्याला चित्रासारख्या दिसतात. त्या चिंध्यांच्या आतले पोट त्याला दिसत नाही. नगराने त्याला दिलेले उत्तर गोड आहे, कारण त्याने विचारलेला प्रश्न सुखवस्तू माणसाचा होता.

गरजेने विचारणारे प्रवासी पाहावयाचे तर आपल्याच वाङ्मयाकडे वळले पाहिजे, आणि मराठी गद्याच्या अगदी उगमापाशीच असा एक ग्रंथ उभा आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'च्या पहिल्या भागाचे नावच 'एकांक' असे आहे. शिष्यपरिवार जमण्यापूर्वी श्रीचक्रधरस्वामी एकटे हिंडत होते त्या काळातील लीळा त्यात आहेत. त्या वेळी सोबत कोणी नसल्यामुळे त्या लीळांचा आधार स्वामींचे स्वतःचे सांगणे हाच असणार. पुढे भक्तांना त्यांनी त्या सांगितल्या आणि भक्तांच्या स्मरणातून त्या ग्रंथात उतरल्या. अशा ग्रंथात एकांताची महती, मनाच्या अवस्था, निबिड अरण्ये यांची रेलचेल असेल अशी अपेक्षा आजचा वाचक करील. प्रत्यक्षात ग्रंथ भरलेला आहे तो गावांनी आणि माणसांनी. कोणत्या गावी कोण भेटले, भिक्षा कोणी घातली, कोण काय बोलले आणि स्वामींनी त्यास काय म्हटले, हे थोडक्या, साध्या वाक्यांत येते. विशेषणे जवळजवळ नाहीतच. याच भ्रमंतीत आमच्या भंडाऱ्याचे नाव येते. येथेच नीळभट्ट नावाचा गृहस्थ स्वामींना भेटला, घर सोडून त्यांच्या मागे निघाला आणि आपल्या गावाच्या नावाने, भांडारेकार म्हणून, महानुभावांच्या परंपरेत पहिला शिष्य ठरला. भंडारा तेव्हा कसे होते, तळी किती होती, देवळे कोणती होती, याविषयी त्या ठिकाणी कांही वर्णन शोधू नये. एकट्या परक्याला गावाने काय उत्तर दिले, एवढेच त्यात आहे: गावाने आपला एक माणूस दिला. नगरवर्णन म्हणून यापेक्षा अधिक काय हवे?

अर्वाचीन काळात या जातीचे मला आवडणारे पुस्तक म्हणजे धर्मानंद कोसंबी यांचे १९२४ साली प्रसिद्ध झालेले 'निवेदन'. गोमंतकातील साखवाळ गावचा हा तरुण बायको व लहान मुलगी यांना मागे ठेवून १८९९ साली विद्येसाठी घराबाहेर पडला. बुद्धाविषयी मनात जिव्हाळा, हाती पैसा नाही, आणि बुद्धाचा धर्म शिकवील असे माणूस देशात कोठे आहे याचा पत्ता नाही. पुण्याहून ग्वाल्हेरकडे आणि तेथून काशीस तो पोचला. काशी हे आपले सर्वांत वर्णिलेले नगर. घाट, गंगा, विश्वनाथ यांवर मराठीत किती लिहिले गेले आहे याला मोजदाद नाही. कोसंबींच्या काशीत मात्र ठसतात त्या वेगळ्याच गोष्टी. अन्नछत्रात एक वेळ जेवण मिळविण्यासाठी काय करावे लागते, निजावे कोठे, थंडीत पांघरावे काय आणि एवढ्यात शास्त्रीबोवांकडचा पाठ कसा चुकवू नये, ही त्यांची काशी आहे. घाटाचे चित्र न काढताही त्यांनी काशी जितकी कळविली आहे तितकी अनेक सचित्र ग्रंथांना कळविता आलेली नाही. ज्याला जेवणासाठी रांगेत बसावे लागते त्याला नगराची खरी रचना कळते: कोण वाढतो, कोणाला वाढतो, आणि कोणाला पंक्तीतून उठवतो. ही छत्रे ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती ही गोष्टही येथे विसरता येत नाही. एकट्या कोसंबींच्या पाठीशी निदान त्यांची जात होती. तिच्यामुळे त्यांच्या हालअपेष्टा कमी ठरत नाहीत. पण एकटा प्रवासी हा कधीच सर्वस्वी एकटा नसतो, त्याच्या आधी त्याचे नाव, वेष व कूळ गावात पोचलेले असते, एवढे त्यावरून दिसते.

पार्वतीबाई आठवले यांच्या 'माझी कहाणी' या १९२८ सालच्या पुस्तकात हाच प्रश्न स्त्रीच्या बाजूने उभा राहतो. कोकणात देवरुखास जन्मलेली ही विधवा बाई कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत असे. १९१८ साली, वय पन्नाशीकडे झुकलेले असताना, इंग्रजी बेताचेच येत असताना, ती एकटी अमेरिकेस गेली, आणि तेथे परक्या कुटुंबांत घरकाम करून राहिली. अमेरिकेवर मराठीत तिच्या आधीही लिहिले गेले होते. पंडिता रमाबाईंचा तेथील लोकस्थितीवरचा ग्रंथ १८८९ सालचा, आणि विद्वत्तेच्या दृष्टीने त्याची सर पार्वतीबाईंच्या पुस्तकाला येणार नाही. पण रमाबाईंना अमेरिका दिवाणखान्यातून व सभागृहातून दिसली, पार्वतीबाईंना ती स्वयंपाकघराच्या मोरीपाशी उभे राहून दिसली. भांडी घासणाऱ्या बाईशी घरची मालकीण कशी बोलते, यावरून त्या देशाविषयी जे कळते ते व्याख्यानमालेत कळत नाही. पार्वतीबाईंची भाषा अनलंकृत आहे आणि रचना विस्कळीत आहे. तरी पुस्तक संपल्यावर वाचकाच्या मनात उभी राहते ती बाईंच्या धैर्याची आरती नसून, ज्या ज्या दारात त्या उभ्या राहिल्या त्या दारांची ओळ.

येथपर्यंतची उदाहरणे पाहून कोणी म्हणेल की, ठीक आहे, एकट्याने जावे, लोकांवर विसंबावे, लोक चांगले असतात. माझ्या म्हणण्याचा असा भाबडा अर्थ होऊ नये म्हणून एक शेवटचे उदाहरण घेतो. ते पुस्तक प्रवासवर्णन म्हणून लिहिलेले नाही आणि मूळ मराठीतही नाही. पण एकट्याने परक्या नगरात पहिल्यांदा उतरण्याचे इतके नितळ वर्णन दुसरे मला ठाऊक नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीत लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आठवणींच्या पुस्तकात बडोद्याचे प्रकरण आहे. १९१७ साली अमेरिका व इंग्लंड येथून परतलेले, संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले आंबेडकर करारान्वये नोकरीसाठी बडोद्यास गेले. नगराला त्यांचा प्रश्न एकच होता: राहावे कोठे? हिंदू खानावळ अस्पृश्याला थारा देणार नाही हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी पारशी धर्मशाळा गाठली, आणि पारशी नाव लावून तेथे जागा मिळविली. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाने भरलेले मोठे दालन, वीज नाही, रखवालदार आणून देई तेवढाच एक कंदील, आणि अंधारात फडफडणारी वटवाघळे.

हे वाचताना आयर्विंगची आठवण होते, आणि ती मुद्दाम ताणून आणलेली नाही. अल्हंब्रातल्या एका दूरच्या, ओस दालनात त्यानेही हट्टाने बिछाना घालून घेतला होता; पहिल्या रात्री त्याच्याही दिव्याभोवती वटवाघूळ घिरट्या घालीत होते, आणि दूरवरून येणाऱ्या कण्हण्याच्या आवाजांनी त्याचाही थरकाप झाला होता. जुनी इमारत, एकटा माणूस, एक दिवा, वटवाघूळ: देखावा एकच. परंतु आयर्विंगची भीती दुसऱ्या दिवशी दोलोरेसने फोडून सांगितली. आवाज घरातल्याच एका वेड्या नातलगाचे होते. झटका आला म्हणजे त्याला खालच्या तळघरात कोंडीत. एका माणसाने दोन शब्द सांगताच भूत नाहीसे झाले, आणि ते दालन लेखकाच्या आवडीचे झाले. आंबेडकरांना वटवाघळांची शिसारी होतीच. पण त्याहून मोठी तळमळ होती ती बोलावयाला एखादे माणूस असावे याची, आणि भीतीही माणसाचीच. ती खरी ठरली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव जिना चढून आला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. ओळखीच्या दोन घरी विचारून पाहिले, दोन्हीकडून सबब आली. मग कमाटी बागेत बसून वेळ काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. बडोदे तेव्हा सुधारलेले संस्थान म्हणून गाजत होते, आणि ते गाजणे खोटे नव्हते. याच आंबेडकरांच्या शिक्षणाचा खर्च त्या संस्थानाने केला होता. पण ग्रंथालये, राजवाडे आणि शाळा यांचे वर्णन करणाऱ्या कोणाही पाहुण्याला न दिसलेले बडोदे बागेत बसलेल्या त्या एकट्या माणसाला दिसले. नगराने त्याच्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर दिले. ते उत्तर कडवटपणाची फोडणी न देता, हिशेब मांडावा तसे मांडल्यामुळे ते प्रकरण टिकले आहे. परावलंबनाने वाङ्मय निर्माण होते ते लोक चांगले असतात म्हणून होत नाही. लोक कसे असतात हे त्याशिवाय कळत नाही म्हणून होते.

सोबतीच्या प्रवासाची थोरवी कमी करण्याचा येथे हेतू नाही. पु. ल. देशपांडे यांची १९६० सालची 'अपूर्वाई' ही पतीपत्नींच्या प्रवासाची कथा आहे आणि तिची गोडी बरोबर नेलेल्या घरातच आहे. लंडन-पॅरिसात वावरणारे मराठी मध्यमवर्गीय घर हा तिचा विषय आहे. त्या घराकडे पाहून हसता हसता आपण स्वतःला हसतो. ज्याची कथा घराची आहे त्याने घर बरोबर न्यावेच. माझी तक्रार आहे ती एकटे जाऊनही नगराला काही न विचारणाऱ्या लेखनाविषयी.

आणि याचे एक कारण लेखकाच्या हातातच आहे. खिशातला दूरध्वनी आज वाट दाखवितो, फलक वाचून देतो, जेवणाचा पदार्थ समजावितो, खोली आधीच ठरवून ठेवतो. ग्रॅनाडास गेलेल्या प्रवाशाला अल्हंब्रातील जुन्या महालांत शिरण्याची घटकासुद्धा तिकिटावर नेमून मिळते. मातेओने कितीही पाठपुरावा केला तरी त्याच्या आजाची गोष्ट ऐकावयास त्या वेळापत्रकात जागा नाही. शरीराने एकटा, पण गरजेने एकटा नाही, असा हा नवा प्रवासी आहे. नगराला विचारावयाचे काही उरलेच नाही म्हणून तो स्वतःलाच प्रश्न विचारीत बसतो, आणि मग लेखात 'मी' वाढत जातो. याचा अर्थ ते यंत्र फेकून द्यावे असा मी करणार नाही. एकट्या मुलीला रात्री परक्या रस्त्यावर त्याचा जो आधार वाटतो तो पार्वतीबाईंना मिळता तर त्यांनी तो आनंदाने घेतला असता. सुरक्षिततेची किंमत देऊन वाङ्मय विकत घ्यावे असे कोणी कोणाला सांगू नये. मात्र वाट यंत्राला विचारली तरी गोष्ट माणसाला विचारता येते. मीना प्रभु यांनी पुष्कळदा एकटीने देश पालथे घातले. 'मेक्सिकोपर्व' किंवा 'दक्षिणरंग' यांसारख्या त्यांच्या पुस्तकांचा वाचकवर्ग मोठा आहे तो त्यांनी पाहिलेल्या स्थळांच्या संख्येमुळे नव्हे, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलण्याच्या त्यांच्या वृत्तीमुळे.

ग्रॅनाडा दूर आहे. पण या कसोटीचा उपयोग करून पाहण्यास आमच्या जिल्ह्यातच एक नगर आहे. वैनगंगेच्या काठी पवनी वसलेली आहे. एका अंगाला नदी आणि उरलेल्या अंगांना तट व खंदक, अशी तिची जुनी ठेवण. नदीवर दगडी घाट, आणि गावात इतकी देवळे की तिला विदर्भाची काशी म्हणतात. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खाते यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले, तेव्हा मौर्य-सातवाहन काळातील मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली सापडली. राजांची नावे बखरीत राहतात. या दगडांवर मात्र आपल्या ऐपतीप्रमाणे एखादा खांब, एखादी आडवी शिळा देणारे साधे उपासक-उपासिका आहेत. पवनीवर जे लिहिले गेले आहे ते मुख्यतः उत्खनन करणाऱ्यांनी आणि शिलालेख वाचणाऱ्यांनी, आणि ते मोलाचे आहे. पण ते ग्रॅनाडाच्या बखरीच्या जातीचे आहे. पवनीचा 'अल्हंब्रा' अजून लिहावयाचा आहे.

तो लिहिणाऱ्याला सामग्रीची वाण पडणार नाही. मातेओचा आजा शिंपी होता. पवनी ही रेशीमकाठी कापडासाठी नावाजलेली कोष्ट्यांची पेठ. मागावर बसलेल्या माणसाजवळ गोष्टींना तोटा नसतो, कारण हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळे असते. त्याच तालुक्यात गोसीखुर्दचे धरण झाले, १९८८ साली त्याची पायाभरणी झाली, आणि पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसे आपापल्या आठवणी घेऊन नव्या वसाहतींत राहत आहेत. या माणसांना कोणी विचारले तर ती सांगतील. ग्रॅनाडाहून परतलेल्या आमच्या त्या लेखिकेने एकदा पवनीस एकटीने यावे, दोन दिवस राहावे, तट उगाच मोजू नये, आणि कोणाच्या तरी ओट्यावर बसून विचारावे.

पवनीलाही मग उत्तर द्यावे लागेल. एकटी परकी बाई गावात रात्रीचा मुक्काम मागू लागली तर तिला कोणते घर उघडते, आधी तिचे नाव विचारतात की तहान विचारतात, आडनाव ऐकल्यावर स्वर बदलतो की तसाच राहतो, हे सारे तिच्या लेखात येईल. ते वाचून आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना कदाचित अभिमान वाटेल, कदाचित मान खाली घालावी लागेल. सातशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्याच्या गावात एक एकटा परका भिक्षेला आला, त्याला मिळालेले उत्तर म्हाइंभटांनी लिहून ठेवले. आजचे उत्तर लिहावयाला कोणीतरी एकटे येणे बाकी आहे.